मडगार्डवरची खळी

“हॅलो?… हॅलो, कोण?… अगं, मर्टल! थांब हं जरा, माझ्या हातात ओला स्पंज आहे… नाही, ठेवू नकोस, ठेवू नकोस. थांब.”

आयव्हीने स्पंज बादलीत टाकला, हात कोटाला पुसले आणि रिसीव्हर घेऊन गाडीत जाऊन बसली. गाडी म्हणजे तिने आणि नवऱ्याने, होरेसने, मिळून बनवायला घेतलेलं अजून नुसतं कवच होतं. चाकं नाहीत, इंजिन नाही, सीटच्या जागी दुधाच्या बाटल्यांचा उलटा केलेला क्रेट.

“हं, बोल… गॅरेजमधून बोलतेय. होरेसने घरातून वायर ओढून दिलीय, ही लांबलचक… हो ना, बांधून ठेवल्यासारखीच! त्याला वाटतं, नाहीतर मी जेवायलाही यायची नाही… बसलेय. गाडीत बसलेय… अगं, कुठलं इंजिन! बॉडी. आज सकाळी साच्यातून निघाली… आज! चर्चच्या घंटा वाजत होत्या तेव्हा… नाही गेले. देव समजून घेईल, मी फायबरग्लासच्या ऐन घाईत होते.

“सांगते ना. कडेकडेने लाकडी पाचरी ठोकल्या. मग त्या फटीतून कोमट पाणी ओतत राहिलो, किटलीवर किटली. होरेस म्हणतो, चहा करायचाय की गाडी?… मग एक आवाज झाला, कसा सांगू… तळं गोठलेलं असताना त्यावर पहिलं पाऊल टाकलं की होतो ना, अगदी तसा. आणि वर आली. तरंगत आली गं, मर्टल! आम्ही दोघं नुसते कडेला हात धरून उभे.

“वास? असेल. बावीस वर्षं बाथटबच्या कारखान्यात रेझिन लावल्यावर मला तो वास वाटतच नाही… रंग नाही अजून. होरेसला लाल हवाय… म्हणू दे त्याला. रंग ठरला नाही म्हणून मी वरचा थरसुद्धा बिनरंगाचाच ठेवला. त्यामुळे ऊन आरपार येतंय.”

मे महिन्यातलं दुपारचं ऊन होतं. गॅरेजचं दार सताड उघडं होतं आणि ऊन त्या पातळ भिंतींतून गाळून आत उतरत होतं, फिकट मधाच्या रंगाचं. काचेचे धागे जागोजाग पानांच्या शिरांसारखे दिसत होते. बाहेरचं चेरीचं झाड हललं की त्याची सावली दारातून आयव्हीच्या गुडघ्यांवरून सरकत जाई. चार इंचांवर जग होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटत होतं.

“कसं म्हणजे… फिक्या चहाच्या कपात बसावं ना, तसं. माझे हातसुद्धा चहाचेच दिसतायत… हस, हस. तू बसशील तेव्हा कळेल. ऑगस्टमध्ये, बघ. होरेस म्हणतो, जुलैपर्यंत चासी तयार. मग मी तिकडे येणार, बार्मथला, छप्पर उघडं टाकून. तू पुढच्या वळणापर्यंत चालत ये. मग तुला घेऊन खाडीच्या कडेने… भरतीची वेळ बघूनच निघायचं. तू पाण्याच्या बाजूला बसशील, हात बाहेर काढून, आणि…

“…हो. आलं. गुरुवारी आलं पत्र… वाचलं गं. तीनदा वाचलं.”

पत्र तिच्या कोटाच्या खिशातच होतं. धाकट्या बहिणीच्या, मर्टलच्या गेस्ट हाउसचं नाव छापलेला कागद आणि त्यावर चारच ओळी. रंग देण्याआधी उजव्या मडगार्डवरचा पोचा पुट्टीने बुजव. तो मी पाडला होता. त्याच्यामुळे डॅडचं काम गेलं. तो दिसणार असेल तर ती गाडी माझ्या दाराशी आणू नकोस.

त्यांचे वडील पत्रा ठोकणारे होते. पन्नास साली इथेच, बिल्स्टनमध्ये, कालव्यालगतच्या एका शेडमध्ये सहा माणसं मालकासाठी लॅपविंग नावाची छोटी उघडी गाडी हाताने बनवत. चार गाड्या झाल्या आणि शेड बंद पडली. मर्टलच्या पत्रातली गाडी ही शेवटची, चौथी. ती आता लडलोच्या मिस्टर पार्जिटरांकडे होती आणि गेल्या नोव्हेंबरात आयव्हीने तिच्यावरूनच साचा घेतला होता.

“मर्टल, छत्तीस वर्षं… एका शब्दाने बोलली नाहीस? मला तरी? एका खोलीत झोपायचो आपण… नाही, रागावले नाही. रागावले नाही गं. पण काय झालं ते नीट सांग तरी… हं… रविवार. डॅड आपल्याला शेडवर घेऊन गेले होते, ते आठवतं मला. मी कालव्यावर होते, बदकांना पाव घालत… हं… मडगार्डमध्ये तुला तुझा चेहरा दिसत होता, म्हणून वर चढलीस… उजवा गुडघा टेकून… आणि पत्रा ‘टक्’ झाला… मग?… काहीच बोलले नाहीत? ओरडलेसुद्धा नाहीत?… नुसतं उचलून खाली ठेवलं… हं… आणि पुढच्या आठवड्यात शुक्रवारी हत्यारांची पेटी घेऊन घरी आले.

“रडू नकोस. मर्टल. ऐक ना… ऐक, मी काय सांगतेय. पोचा नाहीये.

“नाहीये म्हणजे नाहीये… नाही, मी बुजवला नाही! पुट्टीचा डबा उघडलासुद्धा नाही मी… अगं, तू फोन केलास तेव्हा तेच बघत होते. छताला ट्यूबलाइट आहे. बॉडी साबणाच्या पाण्याने ओली केली की ट्यूबची रेघ तिच्यावर उमटते. मग आपलं डोकं हळूहळू हलवायचं, रेघ मडगार्डवरून सरकत जाते. कुठे पोचा असला, अगदी नखाएवढा, तरी तिथे ती अडखळते. सकाळपासून चार वेळा बघितली. वळते छान, पण अडखळत नाही… उजवीच बाजू. तुझं पत्र हातात धरून बघितली.

“मग तेच तर! ठोकून सपाट केला असणार डॅडनी. इतका, की मागमूस नाही. त्यांच्यासारखा हात होता का दुसऱ्या कुणाचा? मालकाला दिसला कुठून? त्याला दिसायला काही शिल्लकच नव्हतं, मर्टल… आणि एकटे डॅड नाही घरी आले त्या शुक्रवारी. सगळे आले. सहाच्या सहा. मी वरच्या खिडकीत होते. सहा सायकली एकामागे एक, सहा पेट्या… तुला एकच दिसली, कारण तू जिन्याखाली लपली होतीस… मला काय माहीत का लपलीस? मला वाटलं, नेहमीसारखीच लपलीयस.”

रिसीव्हरमध्ये मर्टल नाक ओढत होती. आयव्हीने कवचाच्या आतल्या बाजूवर हात ठेवला. ऊन लागून ते कोमट झालं होतं.

“…आहे, आहे. इथेच आहे… नाक पूस आधी… घे वेळ… हो, होरेस, मर्टलशी बोलतेय! ठेव तिथे, बॉनेटवर नको ठेवूस, डाग पडेल. बादलीवर ठेव… चहा आणलाय त्याने. विचारतोय, ओव्हनमधलं मांस बाहेर काढू का. काढ! आणि बटाटे राहू देत… तो म्हणतोय, मर्टलला हॅलो सांग… हो, जाड झालाय. त्याला आत बसता येईल असं मोजूनच घेतलं मी.

“काय?… कसं शक्य आहे म्हणजे?… हां, ते. मूळ गाडीवर जे असेल ते साच्यात उतरतंच. सगळं उतरतं. अगं, नोव्हेंबरात आम्ही मेण लावत होतो, सात हात लावावे लागतात, तर पाचव्याला एक माशी येऊन चिकटली. मी काढली. पण तिचा एक पंख राहिला असणार. तो आज बॉडीवर आहे, मागच्या दिव्याच्या खाली, शिरांसकट. आता जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या तिघांना याच साच्यातून बॉडी काढून द्यायचीय, तिघांच्याही गाडीवर माशीचा पंख जाणार… हो, फुकट!

“मिस्टर पार्जिटर दातांचे डॉक्टर होते ना, म्हणून तर गाडी दिली त्यांनी. दुसऱ्या कुणी दिली असती? आपली एकुलती एक गाडी, तिच्यावर कुणी बाई येऊन रेझिन ओतणार! ते म्हणाले, मिसेस टॉन्क्स, मी जन्मभर लोकांच्या तोंडाचे साचे घेतले, साचा कधी खोटं बोलत नाही. फक्त सगळं उलटं सांगतो. दाताला खड्डा असला, तर साच्यात तिथे टेंगूळ दिसतं. मी म्हटलं, मला नका शिकवू, मी बाथटब बनवलेत. फेब्रुवारीत तर मी साच्यातली टेंगळं घासून…”

तिची नजर भिंतीला टेकवलेल्या साच्याकडे गेली.

पलीकडे मर्टल बोलत होती. आयव्हीला शब्द ऐकू येत होते, पण ते दुरून, पाण्याखालून आल्यासारखे. मर्टल हसत होती. रडून झाल्यावरचं ते जड नाकाचं हसू आयव्हीने कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं.

“…हं… हो, ऐकतेय… ऑगस्टमध्ये, हो… दोन दिवस गेस्ट हाउस बंद ठेवशील? ऑगस्टमध्ये?… अगं, ऐन हंगामात… हो. हो, खाडीच्या कडेने… मर्टल, एक मिनिट. मला एक गोष्ट बघायचीय. ठेवू नकोस हं. एकच मिनिट.”

तिने रिसीव्हर क्रेटवर ठेवला आणि ती गाडीबाहेर आली. साचा भिंतीला टेकवून उभा होता, पोटाची बाजू बाहेर. उजव्या मडगार्डच्या वळणात तिने बोटं फिरवली. गुळगुळीत. पण चमक जराशी वेगळी होती, आणि ती वेगळी चमक बशीएवढ्या गोलात होती. इथे वॉटर पेपर फिरला होता आणि वर नवा थर बसला होता. तिच्याच हातांनी. तेव्हा रेडिओवर कुणीतरी बर्फाबद्दल बोलत होतं.

खड्डा असला तर टेंगूळ. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. बावीस वर्षं माहीत होतं. पण कारखान्याच्या साच्यात टेंगूळ आलं तर ते साच्याचंच पाप असे, कारण बाथटबला कुणी कधी गुडघ्याने पोचा पाडलेला नसे.

फळीवर तिची वही होती. ती सगळं लिहून ठेवी: तारीख, गॅरेजमधलं तापमान, रेझिनच्या शंभर भागांना किती हार्डनर. तिने पानं उलटली.

१६ फेब्रुवारी. ९ अंश, हीटर लावून. साच्यात उजवीकडे फुगवटा. हेडलाइटच्या भोकापासून सव्वा अकरा इंच. रुंदी तीन. उंची जुन्या शिलिंगच्या जाडीएवढी. थंडीने थर सुटला असावा. घासून सपाट केला, वर नवा थर दिला.

त्याखालीही एक ओळ होती, पण तिचं लक्ष आत्ता तिकडे गेलं नाही. तिला रिसीव्हर दिसत होता. त्यातून बारीकसा आवाज येत होता. मर्टल गुणगुणत होती, वाट बघताना ती लहानपणीही गुणगुणायची.

न सांगताही चाललं असतं. बॉडीवर पोचा नव्हता. ऑगस्टमध्ये गाडी बार्मथला गेली असती, मर्टलने मडगार्डवरून हात फिरवला असता, तिला काहीच लागलं नसतं. आयव्हीने वही मिटली. मग पुन्हा उघडली आणि घेऊन गाडीत आली.

“…आले. आहेस ना?… मर्टल, मी जे सांगणार आहे ते पूर्ण ऐकून घे, मध्ये फोन ठेवू नकोस… कबूल कर आधी… हं. तो पोचा होता. साच्यात होता, टेंगूळ होऊन. मला वाटलं, साचाच बिघडलाय. मी घासून टाकला. फेब्रुवारीत… नाही, डॅडनी नाही. मी. मीच घासला, वॉटर पेपरने… हो. म्हणजे मूळ गाडीवर तो अजून असणार. मिस्टर पार्जिटरांच्या गाडीवर… हो. आत्तासुद्धा.

“मर्टल?… मर्टल, बोल काहीतरी… मला माहीत आहे, मी आत्ताच काय म्हणाले ते. चुकीचं सांगितलं. मला खरंच तसं वाटत होतं… का सांगितलं म्हणजे? तू हसत होतीस म्हणून सांगितलं. नंतर कधी तुला दुसऱ्याकडून कळलं असतं, तर तुझं आजचं हसूही तू परत घेतलं असतंस माझ्याकडून… नाही… नाही गं, असं नको म्हणूस. सहाही जण आले होते घरी… हो, पण गाडी नाकारली म्हणून शेड बंद झाली, हे तुला सांगितलं कोणी? कोणीच नाही. तू सात वर्षांची होतीस, तू स्वतःच ठरवलंस…

“ठीक आहे. नाही आणणार. तुझ्या दाराशी नाही आणणार गाडी. पण फोन ठेवू नकोस. मर्टल, नको ठेवूस… मी तुला वाचून दाखवते, मी काय लिहिलंय ते. म्हणजे तुला कळेल मी मुद्दाम नाही… ऐक. सोळा फेब्रुवारी. नऊ अंश… असू दे, ऐक. साच्यात उजवीकडे फुगवटा. हेडलाइटच्या भोकापासून सव्वा अकरा इंच. रुंदी तीन. उंची शिलिंगच्या जाडीएवढी. घासून सपाट केला. डावीकडे: तेच.”

ऊन किंचित सरकलं होतं. वहीच्या पानावरही आता तो मधाचा रंग आला होता. आयव्हीने शेवटची ओळ पुन्हा वाचली, मग बोट ठेवून आणखी एकदा. दोन शब्द. तिचंच अक्षर. थंडीत बोटं आखडलेली होती, म्हणून तिने सगळं परत लिहायचा कंटाळा केला होता.

“…थांब. थांब, थांब, थांब. मर्टल, तू एकच गुडघा टेकला होतास?… एकदाच? नक्की?… डाव्या मडगार्डवर नाही चढलीस?… नाही. बरोबर. मधे बॉनेट आहे, तीन साडेतीन फूट. सात वर्षांची पोर दोन्हीकडे एकदम कशी टेकेल… अगं, मी काय विचारतेय ते कळतंय का? दोन होती टेंगळं. दोन! दोन्ही सव्वा अकरा इंचांवर, तेवढीच रुंद, तेवढीच उंच. मी टेपने मोजली होती. वेगळी असती तर मी वेगळी लिहिली असती. मी एक सूतसुद्धा सोडत नाही, तुला माहीत आहे… म्हणजे काय म्हणजे? दुसरा पोचा कोणीतरी पाडलाय. मोजून पाडलाय.

“…हो. आणखी कोण? रात्री शेडची किल्ली कोणाकडे असायची?… हो, त्या आठवड्यात उशिरा यायचे. तीन रात्री. आठवतं ना तुलाही?… तुला वाटलं, तुझा पोचा काढत बसलेत. मला ममने एकदा चहाचा डबा घेऊन पाठवलं होतं… आत्ता आठवतंय गं, आत्ता, बोलता बोलता. ते गाडीच्या डाव्या बाजूला होते. मडगार्ड सुटं काढून मांडीवर घेतलेलं, खाली वाळूची चामडी पिशवी, हातात लाकडी हातोडी. आणि इतकं हळू ठोकत होते, अंडं फोडल्यासारखं. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, जोडी जमवतोय.

“‘जोडी जमवतोय’. हो, असंच… मला वाटलं, दोन मडगार्डांची जोडी. मी तेरा वर्षांची, मला कुठे पडली होती… पण का, असं विचारतेस? अगं, पत्रा ताणला गेला की तो पुन्हा तंतोतंत बसत नाही, ॲल्युमिनियम तर नाहीच. ठोकून बुजवला असता तर तिथे लाटा आल्या असत्या, रंग दिल्यावर पन्नास फुटांवरून दिसल्या असत्या. एका बाजूला एक पोचा म्हणजे पोचाच. पण दोन्ही बाजूंना, एकाच जागी, काठ असे हलके करून… ती खळी झाली, मर्टल. दोन गालांना दोन खळ्या. मालकाने बघितलं असेल आणि म्हटलं असेल, छान आहे. गाडी रंगली, विकली गेली. नाकारलेली गाडी आज लडलोच्या डॉक्टरच्या दारात कशी असती?

“…काय?… पाई? कसली पाई?… अगं बाई. झाकण नसलेली पाई! हो! त्याच आठवड्यात होती का ती?… सोमवारी. मम किती चिडली होती! पाईसाठी पीठ मळून ठेवलं होतं आणि वरच्या झाकणाचा अर्धा गोळा गायब. डॅड म्हणाले, शेडवर लागणार होता, काम आहे. आणि आपण उघडी पाई खाल्ली, आणि नंतर घरात काही अर्धवट राहिलं की सगळे म्हणायचे, झाकणाशिवायची पाई… मी होरेसला अजूनही म्हणते. त्याची छपराची फ्रेम बघून कालच म्हणाले.

“पीठ घेऊन गेले, मर्टल… कशाला म्हणजे? दाबायला! तुझ्या खळग्यात दाबायला! घट्ट पिठाचा गोळा खळग्यात दाबला आणि अलगद काढला, की तुझा गुडघा मिळतो. टेंगूळ. ते टेंगूळ वाळवायचं, आणि ठोकता ठोकता डाव्या बाजूला ते बसतंय का बघत राहायचं. त्यांनी साचा घेतला गं. रेझिन नाही, काचेची मॅट नाही… ममचं पाईचं पीठ.”

पलीकडे कुणीतरी दार वाजवत होतं. मर्टलने त्या कुणाला तरी “पाच मिनिटं!” असं ओरडून सांगितलेलं आयव्हीलाही ऐकू आलं. आयव्हीने चहाचा कप उचलला. तो गार झाला होता. ती तसाच चहा प्यायली.

“…आहे… हो, रड. हे रडणं चालेल… मला नाही माहीत त्यांनी का नाही सांगितलं. कदाचित त्यांना वाटलं असेल, तू विसरलीस. तू एवढीशी होतीस. कदाचित मिटलं म्हणून सांगायचं काही उरलंच नाही त्यांच्या लेखी… नाही, खरंच नाही माहीत. जे मोजता येतं तेवढंच मी सांगतेय. सव्वा अकरा इंच. डावीकडे: तेच.

“आता? आता काय, आता माझी बॉडी चुकली! दोन्ही खळ्या मी घासून बसलेय. गाल सपाट. लॅपविंगच नाही ही… नाही गं, टाकायची नाही. पुढचा भाग कापायचा आणि नवीन काढायचा. पण आधी साच्यात टेंगळं परत बसवावी लागतील, जशी होती तशी. वहीत रुंदी आहे, उंची आहे, पण उतार कसा होता ते नाही. त्यासाठी मूळ गाडीवरूनच घ्यावं लागेल… लडलोला जाऊन. ऑगस्ट गेला आता. सप्टेंबर म्हण… होरेस काही म्हणत नाही, तो फक्त ‘परत?’ म्हणेल.

“तू येतेस?

“…नाही, मी काही जबरदस्ती… खरंच? तू स्वतः म्हणतेयस?… शनिवारी? पाहुणे कोण बघेल?… बरं. श्रूजबरीपर्यंत तुझी ट्रेन, मी तिथे प्लॅटफॉर्मवर असेन. मग तिथून लडलो अर्धा तास… पार्जिटरांना मी फोन करते आज. ते खूश होतील, त्यांना अजून कुणाच्या तरी खड्ड्यांत हात घालायला मिळेल… हो, हिरवीच आहे अजून… हो. तुला हात लावता येईल. तू आधी लाव, मी नंतर.

“थांब, लिहून घेते. वही उघडीच आहे… एकोणतीस इंच लांब यादी नाही करत, हसू नकोस… उजवी खळी: मर्टल, वय सात. डावी: डॅड. बस. इतकंच… माशीचा पंख वेगळा लिहिलाय आधीच.

“हो, वाजवतायत दार, ऐकू येतंय. जा, चहा दे त्यांना… आणि मर्टल, मेणबिण काही नको आणायला, मी तेवढं काय ते… नाही, तू फक्त पीठ आण. तुझ्या हातचं. ममसारखं, घट्ट, पाणी कमी… दोन गोळे. हो, उरलेल्याची पाई… झाकण नाही लावायचं. अजिबात नाही… होरेसला मी सांगेन, का ते… बरं. ठेव तू… नाही, तू आधी… मर्टल?…

“ठेवला.”